ळ

रात्रपाळी संपवून सातला घरी येतो.
हेल्मेट दाराआड, बूट गॅलरीत.
तिची आई तेव्हा निघालेली असते,
दवाखान्याचा बिल्ला दातांत धरून केस बांधत.
लिफ्टपाशी आमची दोन मिनिटांची भेट :
"दूध प्यायलीय. श राहिलाय."

श राहिलाय म्हणजे
माझी झोप राहिलीय.

फहाहीलमध्ये पाटी मिळाली नाही.
म्हणून केकच्या ट्रेमध्ये रवा पसरायचा,
आणि जुईचं बोट धरून गिरवायचं.
चुकलं की ट्रे हलवायचा,
झालं, सगळं माफ
(आमच्या प्लँटवर असा ट्रे असता तर).
एसी लावला की श ची गाठ उडून जाते
म्हणून एसी बंद, दोघं घामाघूम.
शुक्रवारी त्याच रव्याचा शिरा.
अर्धी मुळाक्षरं आम्ही अशी
तूप घालून खाल्ली आहेत.

रोलच्या शेवटी उरलेली काळी इन्सुलेशन टेप
(उरलेलीच, चोरी नाही)
फरशीवर चिकटवून दिवाणखान्याएवढा क केला.
हात पसरून, टाचेला बोटं लावत ती चालते.
शेपटीवरून पाय घसरला की खाली मगर,
मगर अर्थात मी,
सतरंजीवर आडवा, डोळे मिटलेला,
घोरणारी मगर.

लबनच्या बाटल्यांची झाकणं पंचवीस,
प्रत्येकावर मार्करनं एक अक्षर.
खजुराच्या बिया मोजायला : दहापर्यंत येतात.
अकरावी अजून सापडलेली नाही.

दुधाच्या खोक्यावरची अक्षरं उजवीकडून निघतात
हे तिनं माझ्याआधी हेरलं.
तेव्हापासून तिचा ग
माझ्याकडे पाठ करून उभा राहतो.
मी त्याला हाक मारत नाही. वळेल.

अडलं ते ळ पाशी.
"बाबा, मी केलं."
काय केलं?
"केलं. पिवलं केलं. संपवलं."
पोळीची पोली, गुळाचा गूल,
आणि काळोखाला ती काय म्हणते
ते तर विचारूच नका.
आरशासमोर जीभ वळवून दाखवली,
जिभेखाली मध लावला,
कणकेचा ळ करून तव्यावर भाजला.
तिनं तो खाल्ला आणि म्हणाली, "छान झाली पोली."

ळ नं आपल्याकडे शब्द सुरू होत नाही.
त्याच्यापुढे कुणीतरी लागतंच.
ते कुणीतरी आपण असावं
असं मला वाटत होतं.

मंगळवारी धुळीचं वादळ आलं, शाळा बंद,
मला ओव्हरटाइम,
जुई समोरच्या लिसीचेचीकडे.
संध्याकाळी आणायला गेलो तर
ग्लास पुढे करून ठणठणीत आवाजात :
"चेची, वेळ्ळम!"

पाणी हवं होतं तिला.
मला तिथंच चपलांच्या ढिगाऱ्यात बसावंसं वाटलं.
लिसीचेचीला कळेना हा माणूस
पाण्याच्या ग्लासाकडे बघून हसतोय का.
मी तिला सांगायला गेलो,
माझं हिंदी नेमकं तेव्हाच संपलं.
पोरगी मात्र घरी येईपर्यंत
वेळ्ळम, केळ्ळं, बाळ्ळ, जुई काळ्ळी,
जिथं नको तिथंही ळ,
नवे बूट घालून चिखलात नाचावं तसा.

दुसऱ्या दिवशी खाली सगळ्या गाड्या
एकाच भुऱ्या रंगाच्या झालेल्या.
रव्याचा ट्रे लागलाच नाही.
ओळीनं एकवीस गाड्यांवर
तिनं बोटानं ळ काढला,
जिथं हात पोचेल तिथं,
बंपरवर, दारावर, एका पजेरोच्या चाकावर.
मी मागून चालत होतो,
कुणी बघत नाही ना, हे बघत.

आज सकाळी पाळीवरून आलो
तेव्हा हारून बादली घेऊन सगळ्या गाड्या धूत होता.
आमचीही धुतली होती, लखलखीत,
फक्त मागच्या दाराचा
वीतभर तुकडा तसाच.
घाईत राहिला असेल.

लिफ्टपाशी बायकोला सांगितलं.
ती म्हणाली, "महिन्याचे पैसे पूर्ण घेतो ना तो?"
आणि मग, दार बंद होता होता,
"पुसू नकोस.
आणि हो, क्ष राहिलाय."